साळवेमास्तर बसून वाजवणार होते

आमच्या गल्लीतल्या साळवेमास्तरांना चालल्याशिवाय वाजवता येत नाही. वाचकांना ही अतिशयोक्ती वाटेल, कारण ती मी सांगतोय. पण माझ्या एकूण अतिशयोक्त्यांमध्ये ही एकच खरी आहे, तेव्हा हिला जपून वाचा.

मास्तरांनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम वाजवलं. युफोनियम म्हणजे ते पोटावर धरायचं, पितळेचं, आभाळाकडे तोंड वासलेलं धूड. कोपरगावात त्याला सगळे भोंगाच म्हणतात. चाळीस वर्षं पाय चालत होते म्हणून गाल फुगत होते, की गाल फुगत होते म्हणून पाय चालत होते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आत कुठेतरी एकाची वायर दुसऱ्याला जोडली गेलीय. पाय थांबले की फुंक बंद.

तसे ते बँडचे मास्तर कधीच नव्हते. बँडमास्तर वेगळा होता. तो क्लॅरनेट वाजवायचा आणि फोटोत मधोमध उभा राहायचा. आमचे मास्तर शेवटच्या रांगेत, फोटोत फक्त भोंग्याचं तोंड. पण सोनेरी झालरीचा लाल कोट घातलेल्या माणसाला नुसतं "ओ साळवे" म्हणणं गल्लीला बरं वाटेना, म्हणून मास्तर.

आता डीजे आले, बँड मोडला, क्लॅरनेटवाला मुलाकडे पुण्याला गेला, ढोलवाल्याने रसवंती टाकली. मास्तर मात्र अजून वरातीतच आहेत. रस्त्याने चालताना दहा पावलं टाकतात आणि थांबतात. नाचणाऱ्यांना जागा नको का? मग पुन्हा दहा पावलं. दूध डेअरी आमच्या घरापासून तीन मिनिटांवर. मास्तर सकाळी सहाला निघतात. परत येईपर्यंत दुधाचं दही होतं असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्या घरी विरजण लावताना कुणी पाहिलेलं नाही.

अंतरही ते गाण्यांत मोजतात. एकदा एका पाहुण्याने त्यांना विचारलं, "एसटी स्टँड किती लांब आहे?"

"चार गानी," मास्तर म्हणाले. "नवरदेवाचं दोस्त पिलेलं असलं तर नऊ."

मागच्या वर्षी छातीत जरा दुखलं म्हणून डॉक्टरांनी त्यांना त्या चालत्या पट्ट्यावर चढवलं. मास्तर खूश. दहा पावलं झकास चालले आणि अकराव्याला सवयीप्रमाणे थांबले. यंत्राला वरातीची रीत ठाऊक नव्हती. मास्तर थेट मागच्या भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राला जाऊन भिडले. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं, तर हे उठून सदरा झटकत विचारतात, "पुढं सरकायचं का?"

"पुढं सरकायचं का?" हे त्यांचं सदासर्वकाळचं वाक्य. चहा संपला, पुढं सरकायचं का? चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश लांबला, मागच्या बाकावरून हळूच, पुढं सरकायचं का? एका अंत्ययात्रेत म्हणे मास्तरांच्या चालीमुळे सगळी गर्दी दहा पावलांवर थांबायला लागली, आणि तिसऱ्या थांब्याला मयताच्या जावयाने खिशातून रुमाल काढून दातात धरला. हे मी पाहिलेलं नाही. पण मी सांगितल्यापासून चारजणांनी पाहिलंय.

तर या मास्तरांची ही गोष्ट आहे, आणि ती सुरू झाली आमच्या घरी, चहाच्या कपावर.

दसरा नुकताच झाला होता. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नसतात, त्यामुळे बँड मोडला तरी अजून या दिवसांत मास्तरांचे पाय नुसते सळसळत असतात. ते आणि त्यांच्या मंडळी, म्हणजे रूथमावशी, संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसले होते. माझ्या बायकोने, मंदाने, सहज विचारलं, "मावशी, मास्तर वाजवतात कसं हो?"

"मला काय ठावं?" रूथमावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अडतीस वर्सं झाली लगीन होऊन. ह्यांचं वाजवनं मी अजून ऐकलंच न्हाई."

मास्तर बशीतून चहा पीत होते. बशी तोंडापाशीच राहिली. "अगं, शेजारच्या पोरीच्या वरातीत तू हुतीस की!"

"हुते ना. ढोल ऐकला, ताशा ऐकला, फटाकडे ऐकले. क्लॅरनेट तर गोदावरीच्या पल्याड गेलं आसंल. त्यात तुमचं कोनतं, मला कसं कळावं? तुमचं गाल फुगल्यालं दिसलं, तेवढंच."

"पण घरी वाजवत असतील की," मंदा म्हणाली.

"घर चार पावलांचं हाय, ताई. पाचव्या पावलाला मोरी. एकदा धरलं हुतं वाजवायला, पयलाच सूर निघायच्या वक्ताला पाय गेला बादलीत."

रूथमावशी हसल्या. मंदा हसली. मी एवढा हसलो की समोरचे लोक काय झालं म्हणून बघायला आले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली, आणि बशीत चहा शिल्लक होता. मास्तरांच्या बशीत चहा शिल्लक राहणं म्हणजे गोदावरी उलटी वाहणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं झेरॉक्सचं दुकान उघडतोय, तोच मास्तर हजर. दहा पावलांचे टप्पे न घेता थेट आले होते, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी गंभीर आहे.

"शेठ," ते म्हणाले, "मला एकदा बसून वाजवायचंय."

"बसून?"

"बसून. म्होरं खुर्च्या. पयल्या खुर्चीत ही. ढोल न्हाई, ताशा न्हाई, कुनी नाचनार न्हाई. नुसता मी. तिला एकदा तरी ऐकू आलं पायजे, शेठ. अडतीस वर्सं ती भाकरी बांधून देत हुती. कशासाठी देत हुती ते तिला ठावं व्हायला नको?"

आता अशा वेळी दुसरा माणूस गहिवरला असता. मी मोबाईल काढला. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या अलीकडे डोंगरात एक धबधबा उद्यान झालंय, आणि दर रविवारी तिथे लाइव्ह म्युझिक असतं, अशी जाहिरात मला रोज दिसत होती. खाली बारीक अक्षरांत होतं: हौशी कलाकारांना दहा मिनिटं मंच मिळेल. मी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला आणि मास्तरांचं नाव दिलं. काय वाजवतात म्हणून विचारल्यावर "युफोनियम" म्हणालो. पलीकडच्याने तो शब्द मला दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाला, "स्वतःचं घेऊन येणार ना?"

रविवारपर्यंत सहा दिवस होते. आमच्या गच्चीवर तालीम सुरू झाली.

पहिल्या दिवशी मास्तरांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, भोंगा मांडीवर दिला. त्यांनी गाल फुगवले. डोळे बाहेर आले. नळाला पाणी यायच्या आधी येतो तसला एक आवाज आला आणि संपला. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, बसल्या जागी टाचा आपटा, पायांना वाटू दे आपण चाललोय. ही युक्ती लागू पडली. दणदणीत दोन सूर आले! मी डोळे मिटून मान डोलावली. डोळे उघडले तर समोर मास्तर नाहीत. टाचांच्या तालावर खुर्चीच वरातीला निघाली होती, आणि मास्तर कठड्यापाशी पोचले होते, त्यांचा एक पाय संगमनेरच्या दिशेने बाहेर लोंबकळत होता.

तिसऱ्या दिवशी झोपाळा. झोका पुढे गेला की सूर, मागे आला की मळमळ. चौथ्या दिवशी मी त्यांचे पाय खुर्चीला बांधले. पाचव्या दिवशी रूथमावशी वर आल्या, नवऱ्याला बांधलेलं पाहिलं, "काय चुकलं ह्यांचं?" एवढंच विचारून खाली गेल्या. सहाव्या दिवशी, खरं सांगतो, एकामागोमाग तीन सूर आले. बसून.

"बास, शेठ. जमलं," मास्तर घाम पुसत म्हणाले. "म्होरलं तितं आपसूक येतंय. गानं माझ्या हाडात हाय."

"कुठलं गाणं?"

"नवरदेव मांडवाच्या दाराशी आला की वाजवतो ना, ते."

ते गाणं सगळ्या जिल्ह्याला तोंडपाठ आहे. त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही. तिथेच चुकलं.

रविवारी पहाटे माझी व्हॅन निघाली. पुढे मी आणि मंदा, मागे खिडकीशी रूथमावशी, दुसऱ्या खिडकीशी मास्तर, आणि मधे पट्टा बांधून भोंगा. मास्तरांनी लाल कोट चढवला होता. दोन बटणं नव्हती, पण सोनेरी झालर होती आणि डोक्यावर तुऱ्याची टोपी. टोपी छताला लागत होती म्हणून मास्तर उद्यानापर्यंत मान वाकडी करून बसले, पण त्यांनी ती काढली नाही. रूथमावशी ठेवणीतलं जांभळं पातळ नेसल्या होत्या. चर्च बुडणार म्हणून पाळकसाहेबांना आदल्या दिवशीच सांगून आल्या होत्या. काय सांगितलंत, असं मंदाने विचारलं, तर म्हणाल्या, "खरं तेच. नवऱ्याला ऐकायला चालले म्हनलं. साहेब म्हनले, जा बाई, तसं कुनी जात न्हाई."

कोपरगावचा ऊस मागे पडला, संगमनेरला चहा झाला, आणि अकोलं ओलांडलं तसा मुलूखच बदलला. भात पिवळं पडायला लागलं होतं आणि त्याचा वास थेट व्हॅनमध्ये येऊन बसत होता. डोंगरांच्या अंगावर सोनकीची पिवळी फुलं. पावसाळ्यात या रस्त्याला धबधब्यांपेक्षा माणसंच जास्त कोसळत असतात. दसऱ्यानंतर गर्दी ओसरते, पाणी नितळतं, ऊन कोवळं होतं, आणि माझ्या व्हॅनसारख्या व्हॅनलाही घाट चढावासा वाटतो. मधे एकदोनदा तिचा विचार बदलला. तेव्हा मंदाकडे स्टिअरिंग देऊन मी खाली उतरलो. मास्तरही उतरले आणि दहा पावलं ढकलून थांबले. "थांबता काय!" मी ओरडलो. व्हॅन सहा फूट मागे आली. मग त्यांना आत बसवून ढकललं.

उद्यान मात्र झकास होतं. वरून, उंच काळ्या कड्यावरून पाणी पडत होतं, खाली फरसबंद पायवाट, बाजूला पिठलं-भाकरीची चूल, भाजलेल्या कणसांचा गाडा, आणि मधल्या हिरवळीवर मंच. मंचासमोर साठेक खुर्च्या. धबधबा जरा लांब होता, पण त्याचा आवाज इथवर येत होता, शेजारच्या घरात पिठाची गिरणी चालू असावी तसा. मास्तरांनी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची निवडली, रुमालाने पुसली, आणि रूथमावशींना तिच्यावर बसवलं.

"इथनं हलू नको," ते म्हणाले. "काय बी झालं तरी हलायचं न्हाई."

"आवो, अजून अकराच वाजलेत."

"तरी बी."

मंचावर लांब केसांचा एक मुलगा गिटार वाजवत गात होता आणि त्याच्या शेजारी दुसरा एक लाकडी खोक्यावर बसून तेच खोकं हातांनी वाजवत होता. मास्तर त्या दुसऱ्याकडे भान हरपून बघत राहिले.

"शेठ," ते माझ्या कानात म्हणाले, "बघितलं का? वाजवतोय पन बसून, आन् बसलाय पन त्याच्यावरच!" एखाद्या योग्याबद्दल बोलावं तसं ते बोलत होते.

दुपारी बाराला गळ्यात शिट्टी अडकवलेला मॅनेजर मंचावर आला. हा राजूरकडचा हसतमुख तरुण. त्याने कागद पाहिला, लाल कोट पाहिला, पुन्हा कागद पाहिला आणि जाहीर केलं, "आता आपल्यापुढे येत आहेत कोपरगावचे ज्येष्ठ कलावंत, साळवेमास्तर!" टाळ्या पडल्या. अर्ध्या मी वाजवल्या. मास्तर मंचावर चढले, खुर्चीत बसले, भोंगा मांडीवर घेतला, आणि समोर मान झुकवून म्हणाले, "हे एका मानसासाठी हाय. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालंल."

लोक हसले. रूथमावशींनी पदर सारखा केला.

मास्तरांनी गाल फुगवले.

काहीच नाही.

पुन्हा फुगवले. कपाळावरची शीर उभी राहिली. कोटाचं तिसरं बटण उडून गिटारवाल्याच्या पायाशी पडलं. भोंग्यातून आवाज नाही. मास्तरांनी टाचा आपटायला सुरुवात केली, पण मंचावर गालिचा होता. टाचा आपटल्याचं पायांनाच कळेना. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. एक बाळ रडायला लागलं. मॅनेजरने घड्याळ पाहिलं. मास्तरांचा चेहरा कोटाच्या रंगाचा झाला होता, आणि ते रूथमावशींकडे बघत नव्हते. एरवी मला अशा वेळी दहा विनोद सुचतात. एकही सुचला नाही.

शेवटी मी ओरडलो, "मास्तर, चाला!"

"बसूनच वाजवीन म्हनलो हुतो, शेठ," मास्तर माइकवरूनच म्हणाले.

पहिल्या रांगेतून रूथमावशी कडाडल्या, "बसा न्हाईतर उबं ऱ्हावा, पन वाजवा एकदाचं!"

मास्तर उठले. एक पाऊल टाकलं. आणि भोंगा बोलला. भों! काय आवाज तो. झाडावरचे पक्षी उडाले, कणसाच्या गाड्यावरचे निखारे फुलले. दुसरं पाऊल, भों-पप्. तिसरं, भों. मंच संपला. चौथं पाऊल पायरीवर पडलं, आणि मास्तर वाजवत वाजवत खाली हिरवळीवर उतरले.

भों, पप्-पप्, भों. भों, पप्-पप्, भों.

मी वाट बघत होतो, आता गाणं सुरू होईल. ते काही सुरू होईना. पण गिटारवाला मुलगा चलाख होता. त्याने तो ताल उचलला, खोकंवाला खोकं गळ्यात अडकवून मागे आला, आणि दोघांनी त्या भों-पप्वर आपलंच एक गाणं चढवलं. झालं! नाशिककडचं एक बारा माणसांचं कुटुंब उठलं. त्यातल्या आजोबांनी काठी नातवाकडे दिली आणि दोन्ही हात वर केले. कणसवाला पंखा नाचवत निघाला. मॅनेजर शिट्टी वाजवून लोकांना आवरत होता, पण शिट्टी तालात बसल्यावर त्याचाही इलाज चालेना. दहा पावलं, थांबा. नाचा. पुन्हा दहा पावलं. साठ खुर्च्यांतली माणसं बघता बघता पायवाटेला लागली. डॉक्टरांनी मला गुडघा जपायला सांगितलंय, म्हणून मी दुसऱ्या गुडघ्यावर नाचलो. घोडा नाही, नवरदेव नाही, लग्न नाही, आणि आख्खी वरात धबधब्याकडे निघालेली! पाण्याचे तुषार अंगावर यायला लागले तसा जो कल्ला झाला, तो अकोल्याच्या बाजारात ऐकू गेला असावा. मास्तरांच्या चाळीस वर्षांत अशी वरात निघाली नसेल. सगळे त्यांच्याभोवती, सगळे त्यांच्या तालावर, आणि फोटोत या वेळी मधोमध तेच.

मंदाने माझा दंड धरला. "अहो, रूथमावशी कुठंत?"

मी वळून पाहिलं. लांब खाली हिरवळीवर एकोणसाठ खुर्च्या रिकाम्या होत्या. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत एक जांभळा ठिपका होता. त्यांना हलू नको म्हणून सांगितलं होतं आणि त्या हलल्या नव्हत्या.

गर्दीत घुसून मी मास्तरांपर्यंत पोचलो आणि त्यांच्या कानाशी ओरडलो, "मास्तर! मावशी खालीच राहिल्या!"

मास्तरांनी तोंडातून भोंगा काढला आणि उतारावर खाली पाहिलं. खोकंवाला तालात होता, गिटार चालू होती, वरात थांबली नाही. तिला आता भोंग्याची गरजही नव्हती. मास्तरांची टोपी कुणाच्या तरी धक्क्याने पडली, ती त्यांनी उचललीही नाही. नाचणाऱ्यांच्या मधून वाट काढत ते उलटे निघाले, उतारावरून, भोंगा छातीशी धरून, जवळजवळ पळत. टोपी मी उचलली आणि मागोमाग गेलो. कणसाचा गाडा आता मालकाविना उभा होता, त्याच्या आडोशाला थांबलो. टोपी द्यायची होती म्हणून थांबलो. चोरून ऐकायला नाही.

मास्तरांना धाप लागली होती. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "पाय सुटलं."

"सुटनारच की. चाळीस वर्सांचं पाय हायती."

"तुला ऐकू आलं का कायतरी?"

"आलं की. लोकांच्या चपला."

मास्तरांनी कोटाच्या बाहीने घाम पुसला. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. खुर्च्या रिकाम्या, मंच रिकामा, सगळा गलका वर धबधब्याशी. त्यांनी भोंगा पुन्हा ओठांना लावला आणि पहिल्या आणि दुसऱ्या रांगेच्या मधून चालायला लागले. सावकाश. भों, पप्-पप्, भों. रांगेच्या टोकाला वळून दुसऱ्या रांगेतून परत. रूथमावशी मान वळवून वळवून त्यांच्याकडे बघत होत्या, हात मांडीवर जोडलेले. आता मधे ढोल नव्हता, ताशा नव्हता, काहीच नव्हतं. तो जाडाभरडा, खोल आवाज जमिनीवरून सरपटत त्यांच्या खुर्चीपर्यंत येत होता. चार रांगा संपवून मास्तर त्यांच्यासमोर येऊन थांबले.

"झालं?" रूथमावशींनी विचारलं.

"झालं."

"आवो, पन ह्यात गानं कुठंय?"

मास्तरांनी भोंगा छातीवरून खाली घेतला. "गानं..." ते म्हणाले, "गानं क्लॅरनेटवाल्याकडं असतंय."

"आन् तुमच्याकडं?"

"आमच्याकडं खालचं. वरच्याला धरायचं आसतं, तेवढं." ते भोंग्याकडे असे बघत होते, जणू तो आज पहिल्यांदाच हातात आलाय. "रूथ, मला तर आजवर हेच गानं वाटत हुतं. माझ्या डोक्यात ते आसंच हाय. वरचं मी कधी शिकलोच न्हाई."

मी तोपर्यंत एक कणीस तोंडात धरलं होतं. ते तसंच राहिलं. गच्चीवर सहा दिवस मी त्यांना पाठीवर थाप मारून वाहवा दिली होती, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. माणूस चाळीस वर्षं प्रत्येक गाण्यात होता, आणि एकही गाणं त्याच्याकडे नव्हतं.

रूथमावशी पुढे वाकल्या. भोंग्याच्या तोंडात झाडाचं एक पान पडलं होतं, ते त्यांनी हात घालून काढलं.

"परत वाजवा," त्या म्हणाल्या. "पयल्यापासनं. जरा हळू घ्या."

"पन ह्यात..."

"वाजवा म्हनते ना."

मास्तर वाजवायला लागले. दोन पावलं, तीन पावलं. रूथमावशी डोळे बारीक करून ऐकत होत्या, गव्हातले खडे वेचताना करतात तसे. चौथ्या पावलाला त्यांची मान हलली. कुठलं गाणं ते त्यांना सापडलं. आणि त्यांनी वरून सूर धरला. बारीक, जरा कापरा, पण नेमका जिथे बसायला हवा तिथे. नवरदेव मांडवाच्या दाराशी येतो तेव्हाचं ते गाणं. शब्द अर्धे आठवत होते, अर्धे नव्हते. जिथे नव्हते तिथे त्या नुसतंच आ-आ करत होत्या. आणि खाली ते भों-पप्. मी हजार वेळा ऐकलेलं गाणं. पण ते असं दोन हातांनी उचललेलं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तर चालत होते म्हणून रूथमावशीही उठल्या आणि त्यांच्या बाजूने चालायला लागल्या. दोघं रांगेच्या टोकाला गेले, वळले, परत आले. मास्तरांचे डोळे वाहत होते आणि गाल फुगलेले होते. दोन्ही एका वेळी करणं सोपं नाही. करून पाहा.

एवढ्यात उतारावरून मंदा धापा टाकत आली. "अहो, मास्तर कुठंत? वर सगळे विचारतायत. ते नाशिकचे आजोबा म्हणतायत, लाल कोटवाल्याला बोलवा, त्याच्याशिवाय मजा नाही."

मी तिला गाड्याआड ओढलं आणि बोटाने दाखवलं. तिने पाहिलं. मग पदराने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि उतारावर तोंड करून, आयुष्यात कधी खोटं न बोललेली माझी बायको मोठ्याने ओरडली, "मास्तर गेले हो कोपरगावला! तुमचं चालू द्या!"

मास्तर रांगेच्या शेवटाला पोचून थांबले होते. एक कडवं संपलं होतं आणि ते भोंगा खाली घेत होते. रूथमावशींनी त्यांच्या कोटाची बाही धरून त्यांना पुढच्या रांगेकडे वळवलं.

"थांबता कशाला?" त्या म्हणाल्या. "दुसरं कडवं ऱ्हायलंय."